डाव्या खिडकीतला हात

१

नागपूरहून शिवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रकवाल्यांची एक वेगळीच बोली होती, आणि ती तोंडानं बोलली जात नसे. भरदिवसा समोरच्यानं हेडलाइट एकदा उघडझाप केला, तर ‘आधी तू ये’. दोनदा केला, तर ‘पुढे पोलीस उभे आहेत, कागद काढून ठेव’. खिडकीतून हात बाहेर आला आणि पंजा जमिनीकडे दाबल्यासारखा हलला, तर ‘हळू, पुढे काहीतरी आडवं आहे’. हा शेवटचा इशारा सगळ्यांत मोलाचा. समोरून येणारा जो रस्ता नुकताच मागे टाकून आलेला असतो, तोच तुमच्या पुढ्यात वाढून ठेवलेला असतो. तुम्हाला अजून न दिसलेलं त्यानं पाहिलेलं असतं. म्हणून समोरचा ओळखीचा असो वा नसो, हा इशारा चुकवायचा नाही, असा ड्रायव्हर लोकांत दंडकच होता.

धोंडबाला ही बोली बावीस वर्षांपासून येत होती. नागपूरच्या इंदोऱ्यात राहणारा, चाळिशीला टेकलेला, बोलायला कमी आणि गाडीला जिवापाड जपणारा माणूस. भैय्याजींच्या ट्रान्सपोर्टची जुनी टाटा-मर्सिडीज तो चालवायचा. एक दिवस संत्री घेऊन शिवनीला जायचं, दुसऱ्या दिवशी तांदूळ भरून परत यायचं. एवढ्याशा पल्ल्याला क्लीनर कशाला, असं भैय्याजींचं मत. त्यामुळे गाडीत तो एकटाच असे.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा मार्च महिना होता. मनसर मागे पडलं होतं, दोन्ही अंगांना पळस पेटल्यासारखे फुलले होते. एका वळणावर म्हशींचा कळप रस्त्यात ठाण मांडून बसला होता. धोंडबानं गाडी हळूहळू त्यांच्यामधून काढली आणि पुढे निघाला. फर्लांगभर गेला असेल नसेल, समोरून एक ट्रक भरधाव आला. जवळ येताच त्याच्या ड्रायव्हरनं धोंडबाकडे पाहून कपाळाला हात लावला आणि लगेच वेग तोडला. आरशात धोंडबाला दिसलं, तो ट्रक अगदी बैलगाडीच्या चालीनं वळणाकडे चालला होता.

कपाळाला हात लावतात तो उपकार मानायला. आणि धोंडबानं इशारा केलाच नव्हता. त्या दिवशीच नव्हे, जानेवारीपासून त्यानं कुणालाच इशारा केला नव्हता. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट ठेवून, नजर समोर रोखून तो गाडी हाकायचा.

‘दिसल्या असतील त्याला म्हशी लांबून,’ तो मनाशी म्हणाला.

पण म्हशी वळणाच्या पलीकडे होत्या. लांबून दिसण्यासारख्या नव्हत्या.

२

त्यानंतर चार-पाच फेऱ्यांत असं सात-आठ वेळा झालं. कुणी कपाळाला हात लावी, कुणी मान लववी, कुणी एकदा भोंगा वाजवी. आणि प्रत्येक जण त्याला ओलांडल्याबरोबर गाडी हळू करी.

देवलापारच्या धाब्यावर एक दिवस तो चहा पीत बसला असताना एक उंच सरदारजी ट्रकमधून उतरला आणि सरळ त्याच्याकडे आला. त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “उस्ताद, परसों तेरे आदमी ने बचा लिया! पुल पे बैलगाड़ी उलटी पड़ी थी. मैं तो सीधा जा के ठोकता.”

“मेरा आदमी?” धोंडबानं विचारलं.

“वही, जो बाजू में बैठता है.”

“मैं अकेला चलता हूं, सरदारजी.”

सरदारजी मोठ्यानं हसला. “अकेला? आधा तो खिड़की के बाहर निकला था! ऐसे.” त्यानं आपला डावा हात लांब केला, पंजा तीनदा खाली दाबला आणि मग मूठ झटकन मिटून हात आत ओढला. हवेतली माशी पकडावी तसा.

धोंडबानं पेला खाली ठेवला. त्यानं उठून पैसेही न देता गाडी गाठली. धाबेवाला ओळखीचा, म्हणून काही बोलला नाही.

इशारा सगळेच करत. पण शेवटी मूठ मिटून हात आत घेणारा त्या रस्त्यावर एकच माणूस होता. देवाजी. धोंडबाचा लहानपणापासूनचा सोबती, भैय्याजींचाच दुसरा ड्रायव्हर. धोंडबा शिवनीला निघे तेव्हा देवाजी शिवनीहून निघालेला असे, आणि रोज सकाळी दहाच्या आसपास, देवलापारच्या अलीकडे-पलीकडे, दोघांच्या गाड्या एकमेकींना ओलांडून जात. एक नागपुरात तर दुसरा शिवनीत, असा हा फेरा असल्यामुळे दोघांची समोरासमोर भेट सुटीच्या दिवशीच व्हायची. बाकीची सगळी मैत्री त्या चार क्षणांत. देवाजी दोनदा भोंगा वाजवायचा, एक ‘जय’चा आणि एक ‘भीम’चा. मग हात.

तो देवाजी जानेवारीच्या सात तारखेला कुरईच्या घाटात गाडीसकट दरीत गेला होता. धोंडबानं स्वतः त्याला खांदा दिला होता.

३

धोंडबा भुताखेतांना मानणारा नव्हता. छप्पन सालच्या दसऱ्याला त्यानं आणि देवाजीनं एकाच रांगेत उभं राहून दीक्षा घेतली होती, आणि घरी येऊन आईच्या पेटीतले गंडे-ताईत त्यानं स्वतःच्या हातानं नाग नदीत सोडले होते. मनात भलतंसलतं आणायचं नाही, कारण शोधायचं, असं त्यानं ठरवलं.

कारण सापडलंही. डाव्या खिडकीच्या दांडीला तो आपला धुतलेला सदरा वाळत टाकायचा. वाऱ्यानं बाही बाहेर उडत असणार. लोकांना तोच हात वाटत असणार. हे सुचलं तेव्हा तो एकटाच गाडीत खो खो हसला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. त्यानं सदरा काढून सीटखाली कोंबला.

त्या दिवशी दोघांनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी त्यानं डावी काच वर चढवली. खवाशाला उतरून पाहिलं तर काच खाली. जुनी गाडी, आतले दाते झिजलेले, हिसक्यांनी घसरली असेल. पुढच्या फेरीला त्यानं काच चढवून चौकटीत लाकडाची पाचर ठोकली. हातोडीनं ठोकली, हातानं हलवून पाहिली. मग निश्चिंत होऊन निघाला.

खवासा ओलांडल्यावर रस्ता जंगलातून जातो. इंजिनाच्या घरघरीखाली धोंडबाला दुसरा एक आवाज ऐकू आला. किर्र. मग थांबला. मग पुन्हा किर्र. काचेचा दांडा फिरवताना येतो तो आवाज. भराभर नव्हे. कोपर दुखत असलेल्या माणसानं दमादमानं फिरवावा तसा. ती काच पुरती खाली यायला नऊ वळसे लागायचे. धोंडबानं न ठरवता ते मोजले. नववा वळसा झाला आणि डाव्या बाजूनं गरम वारा आत आला.

समोर वळणावर एक ट्रक नुकताच दिसू लागला होता.

धोंडबानं मान वळवली नाही. तो ट्रक जवळ आला, त्याच्या ड्रायव्हरनं धोंडबाच्या डाव्या बाजूला कुठंतरी पाहून मान लववली, आणि गेला. मैलभर मागे रस्त्यावर सागाची एक जाड फांदी मोडून पडलेली धोंडबानं पाहिली होती.

पुढं मोकळी जागा बघून त्यानं गाडी उभी केली, खाली उतरला, पुढून वळसा घालून डाव्या दारापाशी गेला. काच खाली होती. पाचर पडलेली नव्हती. ती सीटवर ठेवलेली होती, अगदी सरळ, ड्रायव्हरच्या बाजूला सरकवून. उसनी आणलेली वस्तू कुणी परत करावी तशी.

त्यानंतर त्यानं कारणं शोधणं सोडलं. वळणावर डावीकडे पाहणं भागच असे, तेव्हा तो नजर रस्त्याच्या कडेवर नेई, सीटवर पडू देत नसे. एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली होती आणि तिचीच त्याला जास्त धास्ती वाटे. हात एकदाही खोटं बोलला नव्हता. जिथं मागे काही आडवं असे, तिथंच तो बाहेर येई. बाकी वेळ काच वर असे.

४

देवाजीची बायको प्रेमिला दोन गल्ल्या सोडून राहायची. नवरा गेल्यावर ती संत्रा मार्केटात फळं निवडायला जाऊ लागली होती. एका दुपारी ती धोंडबाच्या घरी आली. धोंडबा जेवत होता, त्याची बायको तुळसाबाई त्याला भात वाढत होती.

“बस वं प्रेमिला,” तुळसाबाई म्हणाली. “चहा ठेवते.”

“चहा नको.” प्रेमिला दाराच्या चौकटीला टेकून बसली. “भाऊजी, एक गोष्ट विचारू?”

“विचारा ना वहिनी.”

“तुमी त्या दिवशी त्याच रस्त्यानं वर गेल्ते. त्यायची गाडी तुमाले भेटलीच असंल. मले येवढंच सांगा. डोळे उघडे होते का त्यायचे?”

धोंडबाचा घास हातातच राहिला.

“लोक म्हणतात झोप लागली,” प्रेमिला सांगत होती. “भैय्याजी बी तेच म्हणतात. जागा असता तर वळणावर गाडी हळू केली असती म्हणे. अन् नळावर तर बाया सरळ म्हणतात, पिऊन होता. दीक्षा घेतल्यापासून थेंब नाही घेतला त्यायनं, तुमाले माहीत आहे. मी कोणाकोणाचं तोंड धरू? तुमी पाह्यलं असंल तर सांगा.”

“माझं ध्यान नव्हतं, वहिनी,” धोंडबा म्हणाला.

“ध्यान नव्हतं?” ती त्याच्याकडे पाहतच राहिली. “इतकी वर्षं रोज पाहत होते तुमी एकमेकांले. घरी येऊन सांगायचे मले, आज धोंडबानं दाढी केली होती, आज धोंडबाचा चेहरा उतरला होता. उभ्या रस्त्यावर, चालत्या गाडीतून. अन् त्याच दिवशी ध्यान नव्हतं?”

“घाट होता. गाडी चढावर होती.”

प्रेमिला उठली, पदर सारखा केला आणि निघून गेली. 

तुळसाबाईनं भाताचं पातेलं झाकलं. “काहून खोटं बोलले तुमी?” तिनं हळूच विचारलं.

“कोण खोटं बोललं?”

“मी काही विचारत नाही. अठरा वर्षं झाली लग्नाले, तुमचा घास काहून अडकते ते मले समजते. पण ते बाई रोज त्या नळावर उभी राहते. येवढं ध्यानात ठेवा.”

धोंडबानं ताटात हात धुतला.

५

झालं होतं ते असं.

भैय्याजींनी डिसेंबरात नवी गाडी घेतली. धोंडबा देवाजीपेक्षा दोन वर्षांनी जुना ड्रायव्हर. गाडी आपल्याला मिळणार हे तो वर्षभर धरून चालला होता. तुळसाबाईला सांगूनही बसला होता. गाडी देवाजीला मिळाली. देवाजीनं ती मागितली नव्हती. उलट तो धोंडबाकडे येऊन म्हणाला होता, “मले काही समजत नाही गा. तू म्हण, मी भैय्याजीले नाही म्हणतो.” आणि धोंडबा म्हणाला होता, “मी कायले म्हणू? मालक तो, गाडी त्याची.”

राग देवाजीवर काढण्यासारखा नव्हता, म्हणूनच तो निघता निघेना. नव्या गाडीत बसून देवाजी पहिल्या दिवशी समोरून आला, दोनदा भोंगा वाजवला, हात बाहेर काढला. धोंडबानं नजर समोर ठेवली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. देवाजी रोज हात करायचा आणि धोंडबा रोज खांबासारखा ताठ बसून निघून जायचा. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी देवाजी देवलापारला भेटला नाही. त्याला शिवनीहून निघायला उशीर झाला होता. धोंडबाला बरंच वाटलं. कुरईच्या घाटात चढताना खालच्या वळणावर एक लाकडाचा ट्रक एक्सल मोडून आडवा पडला होता. कशीबशी एक गाडी निघेल एवढीच जागा डोंगराच्या बाजूला होती. धोंडबानं गाडी घासत काढली. लाकडाच्या ट्रकचा ड्रायव्हर कुऱ्हाड घेऊन, इशारा म्हणून रस्त्यावर टाकायला फांद्या तोडायला निघाला होता. तो ओरडून म्हणाला, “भैया, ऊपर से आनेवालों को बोल देना. मोड़ पे कुछ दिखता नहीं.”

धोंडबानं मान हलवली.

अर्धा मैल वर गेल्यावर देवाजीची गाडी दिसली. तांदळानं भरलेली, उताराला लागलेली. दोनदा भोंगा वाजला. देवाजी हसत होता. डोळे चांगले उघडे होते, उन्हानं बारीक केलेले, आणि धोंडबाकडेच लागलेले. त्याचा हात बाहेर आला.

धोंडबाचा उजवा हात स्टिअरिंगवरून उठला. चार बोटं उठली, हे त्याला नीट आठवत होतं. मग त्याला त्या गाडीचा नवा रंग दिसला, बॉनेटवर वाळलेला झेंडूचा हार दिसला, आणि त्यानं बोटं परत ठेवली.

गाडी गेली.

पुढच्या वळणापर्यंत त्याला वाटत राहिलं, थांबावं, ओरडावं. घाटात गाडी फिरवायला जागा नव्हती. लाकडवाल्यानं फांद्या टाकल्या असतील, असं त्यानं स्वतःला सांगितलं. देवाजी हुशार ड्रायव्हर आहे, असंही सांगितलं. मग खालून आवाज आला. फार मोठा नव्हता. आतल्या खोलीत कपाट पडावं तेवढा.

धोंडबा थांबला नाही. शिवनीला गेला, संत्री उतरवून दिली.

चौकशीत लाकडवाला म्हणाला होता, एका वर जाणाऱ्या गाडीला मी सांगितलं होतं. कोणती गाडी, ते त्याला आठवत नव्हतं. धोंडबाला कुणी विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही.

६

एप्रिल लागला. सकाळचे साडेदहा झाले असतील. धोंडबा घाट चढत होता. लाकडाचा ट्रक पडला होता ते वळण मागे गेलं. ऊन उजवीकडून येत होतं आणि डाव्या हाताला खोदलेल्या डोंगराची उभी भिंत होती. त्या भिंतीवर गाडीची सावली गाडीबरोबर चढत होती. धोंडबा सीटकडे पाहत नसे, पण भिंत नजरेच्या कोपऱ्यात येतच होती.

किर्र. काच खाली येऊ लागली.

धोंडबानं समोर पाहिलं. रस्ता वरच्या वळणापर्यंत रिकामा होता. ट्रक नाही, मोटार नाही, सायकलसुद्धा नाही. मागेही आज काही आडवं नव्हतं. आताच तो सगळा रस्ता साफ पाहून आला होता.

नऊ वळसे झाले. आणि भिंतीवरच्या सावलीतून एक हात बाहेर आला.

पंजा खाली दाबला गेला. एकदा, दोनदा, तीनदा. धोंडबा मूठ मिटायची वाट पाहत होता. मूठ मिटली नाही. हात दाबतच राहिला, भराभर, मग दंडापासून, मग खांद्यापासून. सावलीत एक डोकं बाहेर आलं, छाती बाहेर आली. कंबरेपर्यंत बाहेर लोंबकळून तो कुणाला तरी थांबवत होता. आणि आता गाडीच्या पत्र्यावर, डाव्या दाराच्या बाहेरून, थापा पडू लागल्या. धप धप धप. आतला हातोडीचा डबा त्या थापांनी वाजत होता.

रिकाम्या रस्त्याला हा कुणासाठी इशारा, असं धोंडबाच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी त्याला ते कळलं. इतके दिवस समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीत तो हात कुणाला शोधत होता, ते कळलं. एवढ्या अनोळखी लोकांना त्यानं सांगून पाहिलं होतं. ज्याला सांगायचं होतं तो देवाजीच त्या दिवशी या चढावर, याच वेळेला, वरून उतरत आला होता.

धोंडबानं ब्रेक दाबला. त्यानं उजवा हात बाहेर काढला. तीन महिन्यांनी काढला. तळहात जमिनीकडे करून तो जोरजोरात दाबू लागला. दुसऱ्या हातानं भोंगा वाजवला, दोनदा, मग पुन्हा दोनदा. “हळू रे! देवाजी, हळू! थांब गा, बापा, थांब!” तो ओरडला. डावीकडच्या थापा आणि त्याचं ओरडणं घाटात एकत्र घुमलं.

त्याच्या तळहाताला वारा लागला. भरलेली गाडी अंगावरून भरधाव गेल्यावर लागतो तसा, धुळीचा, गरम. दरीच्या कडेच्या झाडांचं पानही हललं नव्हतं.

थापा थांबल्या.

 आता किती वेळ लागतो, ते धोंडबाला माहीत होतं. खालून आवाज आला. फार मोठा नव्हता.

बऱ्याच वेळानं काच वर चढू लागली. किर्र. थांबे. पुन्हा किर्र. ती पुरती चढल्यावर धोंडबानं मान वळवून डावीकडे पाहिलं. कुणी नव्हतं. सीटच्या रेक्झीनवर माणूस बसावा तेवढा खळगा पडला होता. तो पाहत राहिला, आता भरून येईल, मग भरून येईल. खळगा भरून आला नाही.

७

दुसऱ्या दिवशी तांदूळ उतरवून धोंडबा घरी न जाता सरळ प्रेमिलाकडे गेला. ती दारात सूप घेऊन डाळ पाखडत होती. तो उभ्यानंच बोलू लागला. नवी गाडी, अकरा दिवस, लाकडवाल्याचा निरोप, चार बोटं. खिडकीतल्या हाताचं त्यानं काही सांगितलं नाही. ती आपली शिक्षा, तिला त्याचा भार कशाला, असं त्याला वाटलं.

प्रेमिलाचा हात सुपावर थांबला होता. सगळं ऐकून झाल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते असं, “म्हणजे जागे होते.”

“हाव.”

“हसत होते?”

“हाव, वहिनी. माझ्याकडं पाहूनच हसत होता.”

तिनं सूप खाली ठेवलं. डाळीचे दोन दाणे अंगणात पडले होते, ते उचलून सुपात टाकले. “तुमी रागावले होते ते मले माहीत होतं,” ती म्हणाली. “रोज येऊन सांगायचे. आज बी नाही केला धोंडबानं हात. मी म्हणायची, मग तुमी तरी कायले करता? तर म्हणायचे, मी करत राहतो ना. किती दिवस नाही करणार तो? एक दिवस करंलच.”

धोंडबा अंगणातच बसला आणि रडू लागला.  प्रेमिला रडली नाही. तिनं त्याला रडू दिलं आणि त्याचं रडणं ओसरल्यावर उठून चपला घातल्या.

“चला,” ती म्हणाली.

“कुठं?”

“नळावर. मग दुकानात. मग घरोघरी. येवढ्या लोकायनं मले सांगतलं, आता तुमी त्यायले सांगा. भैय्याजीकडं उद्या जाऊ.”

नळावर पाचसहा बाया होत्या. त्यांतल्या इंदूबाईची बादली भरून वाहू लागली तरी तिनं ती सरकवली नाही. धोंडबा पहिल्यांदा दोन वाक्यांत सांगून मोकळा झाला, तेव्हा प्रेमिला म्हणाली, “पुरतं सांगा.” मग त्यानं पुरतं सांगितलं. दुकानात सांगितलं. एका घरी म्हाताऱ्या बाईनं त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं. एकानं, जो देवाजीबरोबर लेझीम खेळायचा, त्याची गचांडी धरली आणि मग स्वतःच सोडून देऊन ओट्यावर बसला.  आपल्या घराच्या दारात तुळसाबाई उभी होती. तिनं ऐकलं, डोक्यावर पदर घेतला आणि त्यांच्यामागून चालू लागली.

प्रेमिला धोंडबाच्या उजव्या हाताला चालत होती. गल्ली अरुंद होती, प्रेमिलाचा खांदा भिंतीला घासत होता. तरी धोंडबा डाव्या बाजूला एका माणसापुरती जागा सोडून चालत होता.

शेवटचं घर रामाजींचं होतं. गिरणीतून निवृत्त झालेले म्हातारे गृहस्थ, साच्यांच्या खडखडाटानं कान गेलेले. ते बाजेवर बसले होते. धोंडबानं सांगितलं. रामाजींनी कानाला हात लावला. “काय म्हणतो?”

धोंडबानं आवाज चढवला. “देवाजी जागा होता! त्यानं हात केला! मी नाही केला!”

मागे गल्लीत माणसं जमली होती.  रामाजी त्याच्या ओठांकडे पाहत होते आणि नकारार्थी मान हलवत होते.

“नाही ऐकू आलं त्यायले,” प्रेमिला म्हणाली. “अजून एकदा सांगा.”

धोंडबानं नव्या गाडीपासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.